गाण्याखालचे तिसरे नाव

मी, मालिनी मोरेश्वर खांबेटे, वय वर्षे छप्पन्न (रंगमंचावर आवश्यकतेनुसार), व्यवसाय अभिनय व कंट्री संगीत, मूळ गाव सांगली, हल्ली मुक्काम नॅशव्हिल, टेनेसी, हे माझे अंतिम इच्छापत्र स्वहस्ते लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. याविषयी शंका बाळगणाऱ्यांची संख्या लक्षणीय असली, तरी त्यांच्यापैकी कोणाकडेही वैद्यकीय प्रमाणपत्र नाही. माझ्याकडे आहे, कारण येत्या बुधवारी माझ्या गळ्यातील एक गाठ काढावयाची आहे. जीव राहील, आवाज बदलू शकेल, असे शल्यविशारदांनी उद्याचे हवामान सांगावे तशा स्वरात सांगितले.

हे लिखाण मी कोणाच्याही दबावाखाली करीत नाही. दबाव टाकण्याइतकी सवड माझ्या परिचितांत कोणालाच नाही. याची इंग्रजी प्रत वकिलांनी केली आहे. ती बिनचूक आहे. ज्यांना माणूस हवा असेल त्यांनी ही वाचावी.

एकूण आठ कलमे आहेत. पहिली सात वस्तूंविषयी व व्यवस्थेविषयी. आठवे माझी कन्या अनिका हिच्याविषयी: एका गाण्याखाली तिचे नाव असावयास हवे होते, आणि ते माझ्यामुळे नाही. ज्यांना घाई असेल त्यांनी थेट आठव्या कलमाकडे जावे. मी स्वतः एकोणीस वर्षे नेमके उलट केले.

कलम पहिले. नॅशव्हिल येथील राहते घर, मागील अंगणासह व त्या अंगणावर माझ्याआधीपासून कब्जा असलेल्या खारींसह, अनिकाला. छप्पर दोन वर्षांपूर्वी बदलले आहे. स्वयंपाकघरातील टेबल मात्र विकू नये.

कलम दुसरे. माझे वडील कैलासवासी मोरेश्वर खांबेटे दिवसा टपाल कार्यालयात पत्रे लावीत आणि संध्याकाळी संगीत नाटकांना पायपेटीची साथ करीत. मला नाट्यपदे त्यांनी शिकवली. बावीस वर्षांच्या साथीत त्यांचे नाव एकाही हँडबिलावर छापले गेले नाही. कंपनीचे मालक म्हणत, "मोरूभाऊ काय, घरचेच आहेत." वडिलांना हा सन्मान वाटे. मलाही वाटे. ही पायपेटी अनिका राहते त्या अल्फारेटा, जॉर्जिया येथील रविवारच्या मराठी शाळेस द्यावी. अट अशी की मुलांना ती वाजवू द्यावी. तिच्यावर भरतकामाचे कापड आणि कापडावर फुलदाणी ठेवलेली आढळल्यास देणगी रद्द.

कलम तिसरे. माझी गिटार, जिच्या पोटावरील ओरखडा हवाई कंपनीने नव्हे तर मीच पाडला आहे, ती माझा सहलेखक वेड हॉलिस यास. वेड वयाने माझ्याहून वीस वर्षांनी ज्येष्ठ आहे, त्यामुळे हे कलम आशावादी आहे, याची मला जाणीव आहे. तो पेडल स्टील वाजवतो, म्हणजे आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवीत वाजवायची गिटार. हे वाद्य नसते तर मी या संगीताच्या वाटेस गेले नसते. १९९३ साली अर्विंग, टेक्सस येथे मी मोटार शिकत असता रेडिओवर ते प्रथम ऐकले. एक स्वर दुसऱ्या स्वरावर असा अलगद उतरला की जणू वडिलांच्या बैठकीतला कोणी टोपी घालून टेक्ससला आला होता. शेजारच्या आसनावर माझे तत्कालीन पती श्रीरंग होते.

"मालू! रेड होता यार!"

"मींड ऐकलीस का तू?"

"मागचा पोलीस ऐकतोय तुझी मींड. बाजूला घे."

दंड त्यांनी भरला. परिणाम मी अद्याप भोगते आहे.

कलम चौथे. वेशभूषा. अमेरिकी दूरचित्रवाणीने मला अकरा वेळा डॉक्टर, चार वेळा मोटेलची मालकीण आणि एकदा प्रेत केले. यांपैकी समीक्षकांनी केवळ प्रेताची दखल घेतली. "संयत" हा शब्द वापरला. अकरापैकी नऊ वेळा माझे वाक्य एकच होते: "आम्ही शक्य ते सर्व केले." ते वाक्य मी नऊ निरनिराळ्या प्रकारे म्हटले, हे फक्त मला ठाऊक आहे. तीन पांढरे कोट शिल्लक आहेत, ते अनिकाने न्यावेत. मी अकरा वेळा डॉक्टर झाले. ती एकदाच झाली, प्राण्यांची, परंतु खरी.

कलम पाचवे. १९९६ च्या गणेशोत्सवात, ज्या मंडळाचे नाव मी सौजन्याने गाळते त्याचे सांस्कृतिक सचिव श्री. यतीन यांनी मला मंचामागे सांगितले, "मालिनीताई, नाटकात काम करा, हक्काने करा. पण ही गुराख्यांची गाणी गणपतीसमोर नकोत." सतरा वर्षांनी त्याच मंचावर त्याच गृहस्थांनी मला शाल पांघरली आणि "आमच्या मंडळाने घडवलेली कलावंत" असा परिचय करून दिला. माझे लाल चामड्याचे काउबॉय बूट त्यांना द्यावेत. ते त्यांना होणार नाहीत. हेतू तोच आहे.

कलम सहावे. माझे पूर्वपती श्रीरंग, हल्ली पुन्हा अर्विंग, यांना मोठा प्रेशर कुकर, जो २०१४ च्या वाटणीत मी चुकून आणला असे मी त्यांना आजवर सांगत आले. चुकून नव्हे. शिट्टी बदलली आहे. त्यांच्याविषयी माझी तक्रार एकही टिकलेली नाही; मी दौऱ्यावर असता घरी तेच असत, वरच्या खोलीत, भारतातील सहकाऱ्यांशी फोनवर.

कलम सातवे. या इच्छापत्राची व्यवस्थापक म्हणून मी अनिकाची नेमणूक करते. ती नियमाने वागते. हा गुण तिने कोठून उचलला याचा शोध दोन्ही घराण्यांत चालू आहे.

कलम आठवे. येथे थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे.

नॅशव्हिलमध्ये गाणी ठरवून लिहितात, दंतवैद्याची वेळ घ्यावी तशी वेळ घेऊन, दोघातिघांनी टेबलाशी बसून. येथील अलिखित धर्मशास्त्र असे की गाणे जन्मते त्या वेळी खोलीत जो उपस्थित असेल त्याचे नाव गाण्याखाली येते. त्याने सगळी कडवी दिली की एकच शब्द, हे कोणी विचारीत नाही. मी या धर्माची कट्टर अनुयायी आहे. वेडचा कुत्रा डंकन एकदा दाराशी झोपला होता, म्हणून एका गाण्याखाली आम्ही त्याचेही नाव घातले आहे.

२००६ च्या ऑक्टोबरात, दुपारी चारच्या सुमारास, वेड आणि मी माझ्या स्वयंपाकघरात अडून बसलो होतो. गाणे एका बाईचे होते, जी पहाटे गाण्याच्या दौऱ्यासाठी घर सोडते. ती बाई कोण, हे वेडने सभ्यपणे विचारले नव्हते. अनिका नऊ वर्षांची होती. टेबलाखाली पालथी पडून अपूर्णांकांचा गृहपाठ करीत होती. तिने मान वर न करता म्हटले, "आई, तू स्टोव्हवरचा दिवा ऑन ठेवून जातेस. सो द किचन वोन्ट नो यू आर गॉन."

वेडने पेन्सिल खाली ठेवली. त्याच ओळीचे ध्रुवपद करून पुढे वीस मिनिटांत गाणे पुरे झाले.

नोंदणीचा फॉर्म वेडनेच भरला. लेखकांच्या रकान्यात त्याने तीन ओळी आखल्या, दोन भरल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवला. तिसऱ्या रिकाम्या ओळीवर मी आडवी रेघ मारली. मनात कपट नव्हते. कपट असते तर मी ते उत्तम वठवले असते. मुलगी घरचीच होती, एवढेच मनात होते. मोरेश्वरांच्या कन्येला ते वाक्य पाठ होते.

पुढे एका भव्य टोपीच्या गायकाने ते गाणे गायले आणि २०१३ साली त्यास पुरस्कार मिळाला. व्यासपीठावरून मी सर्वांचे आभार मानले: गायकाचे, वेडचे, बसचालकाचे, डंकनचेसुद्धा, टाळ्या पडल्या. अनिका सोळा वर्षांची होती, चौथ्या टेबलाशी बसली होती.  परतताना मोटारीत ती म्हणाली, "आई, आय वॉज इन द रूम."

मी म्हटले, "अगं, घरच्यांचे कोणी आभार मानते का? परकी आहेस का तू?"

"डंकन परका आहे?"

मी हसले. विनोद चांगला होता. त्यानंतर बारा वर्षांत ती माझ्या एकाही कार्यक्रमास आलेली नाही. दर आठवड्यास नियमाने फोन करते; आम्ही रक्तदाब आणि तिच्या दवाखान्यातील मांजरी यांविषयी बोलतो.

वकिलांकडे दिलेल्या मूळ मसुद्यात या ठिकाणी असे लिहिले होते की, माझ्या मृत्यूनंतर सदर गाण्याखाली अनिकाचे नाव समान हक्काने घालण्यात यावे. ते वाक्य मला भारदस्त वाटले होते. वकिलांनी प्रथेप्रमाणे मसुदा व्यवस्थापकास पाठवला. मंगळवारी फोन आला.

"आई, ड्राफ्ट वाचला मी."

"छप्पर नवीन आहे, बरं का."

"क्लॉज एट. म्हणजे तू मेल्यावर मी त्या खोलीत होते?"

"कायद्याच्या दृष्टीने तेच सोयीचे—"

"कोणाला सोयीचं? मला फेस करायला नको, सॉरी म्हणायला नको. यू'ल बी डेड. ग्रेट टायमिंग, आई."

इतक्या वर्षांच्या अभिनयात माझे वाक्य इतके स्वच्छ कोणी तोडले नव्हते. माझ्याजवळ अनेक उत्तरे तयार होती, काही तर यमकासह. मी म्हटले, "माझं चुकलं. ती रेघ मी मारली."

"कुठली रेघ?"

तेव्हा ध्यानात आले की रेघेविषयी तिला ठाऊकच नव्हते. तिला वाटत होते की नऊ वर्षांच्या मुलीकडे दोघांपैकी कोणाचे लक्षच गेले नाही. लक्ष गेले होते, हे अधिक वाईट होते. आणि ते मलाच सांगावे लागले. पलीकडे कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता. 

"वेडकाकाने तीन ओळी ठेवल्या होत्या?"

"हो."

"ओके," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "ओके."

सबब, कलम आठमधील मूळ तरतूद मी या लेखान्वये रद्द करते. जिवंतपणी द्यावयाची गोष्ट इच्छापत्रात ठेवणे हा भ्याडपणा असून त्यास कायद्यात दुसरे नाव असल्यास मला माहीत नाही. परवा बुधवारी दुरुस्तीचा फॉर्म घेऊन मी वेडकडे गेले. त्याने चष्मा शोधला, सही केली आणि म्हणाला, "पेन सापडायला तुला बराच वेळ लागला, मॅली." मॅली हे माझे व्यावसायिक नाव, संपूर्ण नाव फलकावर मावत नाही, असे १९९९ साली ठरले होते. मग मी सही केली.

तिसरी सही बाकी आहे. काल रात्री अनिकास फोन करून विचारले असता तिने सहलेखिकेच्या अधिकारात पुढील हरकत नोंदवली, जी मी शब्दशः देते:

"सही करीन, पण दुसरं कडवं वीक आहे. नऊ वर्षांची होते तेव्हाही वीक वाटलं होतं. त्यात ती आई त्याच रात्री परत येते. यू डिडन्ट, आई. नॉट दॅट नाइट. आधी ते फिक्स करू."

"गाणे सगळ्या देशाने ऐकले आहे, अनिका."

"सो? आपण तिघांनी नाही ऐकलंय, बरोबर बसून. वेडकाकाला आण. संडेला दहा वाजता, माझ्याकडे."

हरकत ग्राह्य आहे. दुसरे कडवे खोटे आहे. ते मीच लिहिले होते, आणि खोटे आहे हे लिहितानाच ठाऊक होते. रविवार, दिनांक ९ मार्च रोजी सकाळी ठीक दहा वाजता मी व वेड हॉलिस अल्फारेटा येथे हजर राहू. त्याच दिवशी घड्याळे एक तास पुढे सरकतात, आणि अल्फारेटाचे घड्याळ नॅशव्हिलच्या एक तास पुढे असतेच, म्हणजे या प्रवासात माझे दोन तास वजा होतील. त्याबद्दल तक्रार नाही. शस्त्रक्रिया येत्या बुधवारी आहे. नवे कडवे निदान एकदा या आवाजात म्हणून पाहता येईल. ते कडवे पुरे होईपर्यंत प्रस्तुत इच्छापत्र अमलात येणे मला सर्वस्वी गैरसोयीचे आहे, याची सर्व संबंधितांनी, दृश्य व अदृश्य, कृपया नोंद घ्यावी.

(सही) मालिनी मोरेश्वर खांबेटे

वरील सही बाईंनी आमच्या समक्ष, शुद्धीवर असताना व मध्येच एकदा गुणगुणत केली. यात आम्हांस काहीही मिळणार नाही, हे बाईंनी दोनदा बजावले.

साक्षीदार:
१. (सही) विनीता देवांग प्रधान, शेजारीण
२. (सही) परीक्षित आठल्ये, शेजारी

स्थळ: नॅशव्हिल, टेनेसी
दिनांक: शुक्रवार, ७ मार्च २०२५