साडेचार, खाली, पाण्याजवळ

प्रिय ताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मुलांना सुट्टीत थीम पार्कला नेणार, दोन दिवस तिथंच राहणार, हे वाचून बरं वाटलं. उत्तर फोनवर देता आलं असतं. पण फोनवर तू "बोल आई, ऐकतेय" म्हणतेस, मागे नळ वाहत असतो, पोरं भांडत असतात, आणि मी सांगायचं ते सोडून गुडघ्यांचं पुराण लावते. शिवाय जे सांगायचंय ते बोलताना मध्येच थांबेन अशी भीती वाटते. कागदावर थांबलं तरी कुणाला ऐकू येत नाही. म्हणून लिहिते.

तुझ्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. एक असं, "आम्ही गाडी न नेता बसनंच जाणार, पण मी बाबांसारखी पक्षी बघत बसणार नाही, मी माझ्या मुलांकडे बघीन." आणि दुसरं, गाडी का नको त्याचं, "हल्ली बाजूनं येणारी वाहनं एकदम अंगावर उगवल्यासारखी येतात, वय झालं माझं!" त्यापुढे तू हसरा चेहरा काढलायस. पहिल्या वाक्यानं मला रडू आलं. दुसऱ्यानं तेवढंही आलं नाही, मी पत्र हातात धरून नुसती बसून राहिले.

आधी पहिल्याचं बोलते. तू अकरा वर्षांची होतीस, धाकटा सात. तिथं जायचं म्हणून वर्षभर तुमची भुणभुण चालली होती. तुझ्या मैत्रिणी आईवडिलांच्या गाडीतून गेल्या होत्या आणि आपली गाडी तर त्याच वर्षी विकलेली. मग दोन बस बदलून गेलो. उतरायला मिळालेली खोली आठवते? दोन पलंग, एक खिडकी, आणि खिडकीबाहेर दुसऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी. तू फुरंगटून म्हणालीस, "एवढ्या लांब चादरी बघायला आलो का?" बाबा हसले, पण त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. खोली कशी आहे ते मी सांगेपर्यंत त्यांना ती पुरती दिसत नसे.

हे आज तुला पहिल्यांदाच सांगते आहे. बाबांना काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांना. समोरचं दिसायचं, अगदी स्वच्छ दिसायचं, पण कडेचं सगळं गेलं होतं. नळीतून बघावं तसं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस तो. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, दिवसभर रुपयाएवढ्या गोलात बघायचं. त्या गोलाबाहेरचं जग कमी कमी होत गेलं ते त्यांना कळलंच नाही. कळलं ते एका सायकलवाल्यामुळे. डावीकडून येत होता, बाबांनी गाडी वळवली आणि तो बॉनेटवर. कोपर खरचटण्यावर निभावलं. उलट तोच बाबांना म्हणाला, "काका, तुम्ही बसा, पाणी प्या." दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पंधरा दिवसांत गाडी विकली. तुम्हाला सांगितलं, गाडी जुनी झाली.

त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मुलांना सांगायचं नाही, कुणालाच नाही. घड्याळजीचे डोळे गेले हे गावभर झालं तर दुकानाची पायरी कोण चढेल, हे एक. आणि दुसरं म्हणाले, "पोरं मग माझ्याकडे बघणार नाहीत, माझ्या डोळ्यांकडे बघतील." मी हो म्हटलं. तेव्हापासून बाहेर पडलं की मी त्यांचा हात धरायची. तुझी आत्या चारचौघांत म्हणायची, "वहिनी, सोडा हो हात, पळून नाही जात तो!" मी लाजल्यासारखं करायची आणि हात घट्ट धरायची.

पक्ष्यांचं खूळ त्यानंतरचं. दुकानात कुणीतरी एक जुनी दुर्बीण विकायला आणली होती. बाबांनी ती डोळ्याला लावली, मग मला दिली. "बघ, किती दिसतं तुला?" मी म्हटलं, एक गोल, बाकी काळं. तर म्हणाले, "मलाही तेवढंच!" आणि हसायला लागले. कितीतरी महिन्यांनी हसले. दुर्बिणीतून सगळ्यांनाच तेवढंच दिसतं गं. त्या एका गोलात ते जगाच्या बरोबरीचे होते. अडचण एकच होती, पक्षी कुठं आहे ते त्यांना सापडायचं नाही. ते काम माझ्याकडे आलं. मी सातवीत शाळा सोडलेली, त्यानंतर वाचलं असेल ते वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरचं. ग्रंथालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं, अडखळत वाचलं, चित्रं पाठ केली. आज मी आठवड्याला दोन पुस्तकं संपवते आणि ग्रंथपाल बाई मला नवीन आलेलं आधी काढून ठेवतात, त्याची सुरुवात तिथली आहे.

पक्षी दाखवायची आमची पद्धत घड्याळाची होती. समोर जमिनीवर मोठी तबकडी ठेवली आहे असं समजायचं. समोर लांब ते बारा, उजवीकडे तीन, पायाशी सहा, डावीकडे नऊ. मी म्हणायची, "दोन वाजता, फांदीवर," की दुर्बीण बरोबर तिकडे वळायची. मी घड्याळजीची बायको, मला वेगळं शिकावं लागलं नाही.

पार्कमध्ये ते पाळण्यांत का बसले नाहीत, तळ्याकाठच्या बाकावर दोन दिवस का बसून राहिले, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. गर्दीत चारी बाजूंनी माणसं त्यांच्यावर आदळायची. त्या बाकामागे भिंत होती, पुढे पाणी. तिथं कडेनं कुणी येत नव्हतं. आणि पक्षी बघतोय म्हटलं की माणूस तासन्तास एका जागी बसला तरी कुणी कारण विचारत नाही. वर ते केसाळ अस्वलाचं सोंग घेतलेला माणूस नाचत होता, कर्णे किंचाळत होते, आणि खाली त्या खोट्या तळ्यात खरीखुरी टिबुकली बुड्या मारत होती. इवलीशी, बदकाच्या पिल्लाएवढी. इथं बुडायची, तिथं निघायची. मी वाजले किती ते सांगून दमले आणि ते लहान पोरासारखे खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारचं तुला माहीत आहे, पण अर्धंच. तीन वाजता बाकाशी यायचं असं तुम्हा दोघांना सांगितलं होतं, कारण पाचची बस. दोनच्या सुमाराला तू पाण्याची बाटली घ्यायला धावत आलीस. तेव्हा मी बाबांना म्हणत होते, "साडेचार, खाली, पाण्याजवळ." ते म्हणाले, "बरोबर, साडेचार." तू ते ऐकलंस आणि पळालीस. बेत बदलला, दीड तास जास्त मिळाला, या आनंदात तू धाकट्याला सांगितलंस आणि साडेचारला दोघं खालच्या होडीच्या धक्क्याशी जाऊन उभे राहिलात. चूक तुझी नव्हती. दुसऱ्या कुठल्या घरात साडेचारचा अर्थ टिबुकली होत नाही.

इकडे आम्ही तीनपासून तुमची वाट बघतोय. साडेतीन झाले, चार झाले. कुणीतरी बाकाशी थांबायला हवं होतं, तुम्ही आलात तर. मी म्हटलं मी शोधते, तुम्ही बसा. ते उठलेच. "माझी मुलं आहेत," एवढंच म्हणाले. डोळ्यांचं कळल्यापासून माझा हात सोडून गर्दीत गेलेले मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आले तेव्हा एका नडगीतून रक्त येत होतं, आणि तुम्ही दोघं बरोबर होतात.

बसच्या रांगेत तू मला कानात सांगितलंस ते मी विसरलेले नाही. "आई, बाबा माझ्या शेजारून गेले, मी त्यांच्या डाव्या हाताला होते, हातभर अंतरावर. मी हाक मारली नाही, म्हटलं बघू थांबतात का. ते थांबलेच नाहीत. धाकटा ओरडला तेव्हा वळले, तेही भलतीकडेच. गळ्यात ती दुर्बीण." अकरा वर्षांच्या मुलीनं त्यातून काय समजायचं? तू जे समजलीस ते मी बत्तीस वर्षं तसंच राहू दिलं. बाबांचा फोटो तू हॉलमध्ये लावला नाहीस, जावईबापूंनी लावला, तेव्हाही मी गप्प राहिले.

पण बसमध्ये काय झालं ते तुला माहीत नाही. तुम्ही दोघं पुढच्या सीटवर झोपला होतात. बाबा हळूच म्हणाले, "ताई कुठं उभी होती?" मी म्हटलं, "नऊ वाजता." "लांब?" मी म्हटलं, "हातभर." घरी गेल्यावर त्यांनी तू झोपायचीस त्या पलंगाची उशाची बाजू बदलली, दारातून आत आलं की तू समोर दिसावीस म्हणून. तू म्हणायचीस, बाबा उगाच सामान हलवतात.

त्यांना जाऊन चार वर्षं झाली. वचन माणसाबरोबर जातं की मागे राहतं, मला कळलं नाही. मी ते पाळत राहिले, आणि खरं सांगते, नंतर नंतर वचनापेक्षा सवयच जास्त होती. घरात त्यांची जागा रिकामी आहे, तशी ही एक गोष्ट भरलेली होती, ती फक्त माझी आणि त्यांची. ती द्यायला जीव होईना. पण यात माझी मोठी चूक आहे आणि ती मी तुझ्यापासून लपवणार नाही. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, हे घराण्यातून उतरतं, मुलांचे डोळे चाळिशीच्या आतच तपासून घ्या, मग दर वर्षी. तू आता त्रेचाळीस वर्षांची आहेस. दर वर्षी मी ठरवलं, या सुट्टीत सांगेन. दर वर्षी तू आलीस, हसलीस, गेलीस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीण बाई तरुण आहेत, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, कदाचित काहीच नसेल. असेल तर जे गेलं ते परत येत नाही, पण जे आहे ते नुसत्या थेंबांवरसुद्धा बहुतेकांचं टिकतं, उशीर तेवढा करू नका. बाबांचं टिकलं होतं, शेवटपर्यंत ते माझं तोंड ओळखत होते. धाकट्याला काल फोनवर सगळं सांगितलं, तो पुढच्या मंगळवारी डोळे तपासायला जातोय. तुझ्या गावातल्या दवाखान्यात मी तुझं नाव त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी दहासाठी लावलं आहे, रागाव हवं तर. तोवर मुलांना बसवून गाडी चालवू नकोस. बाबांच्या तपासणीचे कागद सोबत पाठवते, त्यावर जे काळं दिसेल ते त्यांना दिसत नव्हतं. तिथं गेल्यावर तुला एक फॉर्म भरायला देतील. त्यात विचारलेलं असेल, घरात आधी कुणाला डोळ्यांचा विकार होता का. आजवर कुठंही विचारलं तर तू "नाही" लिहीत आलीस, कारण मी तुला तसंच वाढवलं. या वेळी तिथं "वडील" असं लिही.

तुझीच, आणि गुरुवारी दवाखान्याच्या दारात तुझ्याआधी पोचलेली,
आई