तिसरा गेटवे

११ नोव्हेंबर
आले रत्नागिरीत! मासळी निर्यातीचं छोटं ऑफिस, खिडकीतून भाट्याची खाडी. हिशेब बघणाऱ्या उझमाने पहिल्याच दिवशी डब्यातली सुरमई माझ्या ताटात वाढली. काम सोपं वाटतंय. मुंबई ऑफिसशी जोडणारं व्हीपीएन सारखं तुटतं, ते सांभाळायचं. इंटरनेटच्या लाइनी दोन, म्हणजे गेटवे, बाहेर पडायची दारं, दोन. माझ्याआधीचा हर्षद पावसाळ्याआधीच न सांगता दुबईला गेला म्हणे.

१२ नोव्हेंबर
दारं तीन निघाली. तिसऱ्यातून डेटा बाहेर जातो, उत्तर मात्र पहिल्याकडे येतं. फायरवॉलला ते अनोळखी वाटतं, ती फेकून देते. या गोंधळात सगळ्यांचंच कनेक्शन तुटतं. मालक महिपतशेठ म्हणाले, तिसरी लाइन नाहीच.

१३ नोव्हेंबर
केबलचा माग काढला. ती भिंतीतून मागच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जाते. तिथला कॉम्प्रेसर बंद पडल्यापासून खोलीला कुलूप आहे, माल आतच सडला, असं उझमा म्हणाली. केबलवर पिवळट बुळबुळीत थर होता, कुजलेल्या माकुल माशासारखा. डेटॉलने हात धुतले. वास जात नाही. जेवले नाही.

१४ नोव्हेंबर
व्हीपीएनवर हर्षदचं नाव जोडलेलं दिसलं. त्याच खोलीतून. मी तोडलं. लगेच परत आलं: आधी पासवर्ड चुकला, मग बरोबर. यंत्र पासवर्ड टाइप करताना चुकत नाही.
शेठना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "लाइन चालतेय ना? मग त्या खोलीला हात लावू नको गो."

१५ नोव्हेंबर
उझमा रडत बोलली. शेठ सडका माल नव्या तारखा छापून पाठवत होते. हर्षदने फोटो काढले, मुंबईला पाठवणार होता. भांडण झालं. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.
ओकारी झाली. तोंडाला तोच वास.

१६ नोव्हेंबर
शेठ हातखंब्याला गेलेत. कुलूप आम्ही तोडलं. घोट्यापर्यंत काळा चिखल — मासेच ते, विरघळलेले, अळ्यांनी वळवळणारे. भिंतीला टेकून हर्षद. चेहऱ्यावर काही उरलेलं नाही. मांडीवर लॅपटॉप चालू. आणि बोटं — हाडंच — कीबोर्डच्या कळांवर हलतात.
उझमा बाहेर पळाली. मी का थांबले?
स्क्रीनवर फोटो. पाठव. अडकलं. पाठव. अडकलं. इतके महिने तो हेच —
उत्तराचा रस्ता चुकतोय, एवढंच. एक ओळ बदलायची. पण तिसऱ्या लाइनचा राउटर फक्त त्याच्याच लॅपटॉपवर उघडतो.

चिखलात बसले. अळ्या बाहीत शिरल्या. त्याच्या बोटांशेजारी माझी बोटं — कळा मऊ, चिकट — ओळ टाकली —
फोटो जाताहेत.

फोनवर लिहितेय, एका हाताने. दुसरं मनगट त्याने धरलंय. थंड, गिळगिळीत. किळस येते. तरी ओढून घेत नाही — त्याला कळू दे, जाताहेत —

बाहेर गाडी. उझमाची किंकाळी. शेठचा आवाज —
अर्धे गेले. अजून —
दार लोटलं. बाहेरून कडी घातली शेठने. अंधार. हर्षद उठतोय — माझा हात सोडून दाराकडे — चिखल सगळा त्याच्यामागे —
बाहेर शेठ हसतो आहे, त्याला अजून माही