हेडक्लार्कची लघवी

४ जानेवारी १९७४
हेडक्लार्कची जागा माझीच. फक्त मेडिकल राहिलंय. सोमवारी कारखान्याच्या दवाखान्यात लघवी द्यायची. सतरा वर्षं घाम दिला, आता हेही मागतात.

५ जानेवारी, सकाळ
मोरीत मुंग्या. म्हणजे मला साखर. वडिलांनाही होती. कृष्णात त्या जागेवर टपून बसलाय, त्याला आयतंच फावणार.

संध्याकाळ
उपाय सापडला. बायकोची लघवी द्यायची. महादेवी सोमवार कडक धरते, भाकरी-झुणका खाते, कधी आजारी नाही. तिला सांगितलं, यंदा कारखाना बायकांचीही तपासतो. “कारखाना लई चांगला हाय की,” म्हणाली.

७ जानेवारी
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून नेली. कंपाउंडर निसारनं माझ्यासमोरच दोन नळ्या स्पिरिटच्या दिव्यावर तापवल्या. पहिली निळीच राहिली. साखर नाही! मनातल्या मनात पेढे वाटले. दुसरी तापताच पांढरी झाली, दूध नासल्यासारखी. निसार म्हणाला, “मूत्रपिंडाचं दुखणं दिसतंय, साहेब. आत्ताच घावलं हे नशीब समजा. मीठ तोडा, कोल्हापुरात मोठ्या डॉक्टरला दाखवा.” महिन्यानं फेरतपासणी. तोवर प्रमोशन लटकलं.

माणसानं बायकोवर विश्वास ठेवावा तरी किती!

खरं सांगितलं तर नोकरीच जाईल. घरी सांगितलं, तुझी स्वच्छ, माझ्यात खोट. ती रडली. ऑर्डर हातात आली की लगेच तिला डॉक्टरकडे नेणार. पक्कं.

१० जानेवारी
अळणी आमटी. रिपोर्ट माझ्या नावाचा, म्हणून मीठ माझं तुटलं. माझ्या वाटणीचं लोणचंही महादेवी खाते, वाया जाऊ नये म्हणून. मी दोनदा ‘बेतानं’ म्हणालो. याहून नवऱ्यानं काय करावं?

८ फेब्रुवारी
या वेळी नाइलाजानं स्वतःची दिली. दोन्ही नळ्या स्वच्छ! मोरीत काकवीचं भांडं विसळलं होतं म्हणे, म्हणून मुंग्या. हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं? निसार म्हणाला, “बघा, पथ्य पाळलं की गुण येतो.” मी मान डोलावली.

१ मार्च
ऑर्डर आली. खुर्चीला हात आहेत. आताच रजा मागितली तर कृष्णात म्हणेल, हेडक्लार्क झाला आणि माज आला. गाळप हंगाम संपू दे.

२० मे
हंगाम संपला. ऑडिट सुरू. सकाळी महादेवीचे डोळे सुजलेले असतात. शेजारची रत्नव्वा म्हणाली, अंगानं भरली की. हेडक्लार्कची बायको भरायलाच हवी. शिवाय त्या बाटलीत औषधाचा गाळ असणार. ती तिनंच विसळली होती.

११ ऑगस्ट
जोडवी उतरेनात. साबण लावून काढली. नरसोबाच्या वाडीला जाऊन नवस बोललो. येत्या रविवारी डॉक्टर, नक्की.

१८ ऑगस्ट
रविवारी डॉक्टर बसत नाहीत. हे कुणी सांगत नाही.

१९ नोव्हेंबर, कोल्हापूर
चार पावलांत धाप लागायला लागली, म्हणून आणावंच लागलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेलीत. वर्षाच्या सुरुवातीला नुसती लघवी तापवून बघितली असती, तर पुष्कळ काही हातात होतं. आता फार नाही. बायकोकडे लक्ष नको का, असंही म्हणाले.

महादेवीला राग आला. धापा टाकत माझ्या बाजूनं भांडली. “तपासलीती की! जानेवारीत ह्येंनी सोता बाटली न्हेलती. माझी साफ हुती. खोट ह्येंच्यात हुती, अळणी खाऊन बरी झाली. मीबी खाईन.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि रिपोर्ट मागितला. हरवला, म्हणालो.

ती हसली. एवढ्या धापेतही हसली. “ह्येंच्याकडनं कागद हरवंल व्हय, डॉक्टर? कपाटातच असंल.”

कपाटातच आहे. घेऊन येतो म्हणून बाहेर पडलो. स्टँडवर बसून हे लिहितोय. आमच्या तीन गाड्या गेल्या.