न्हाणीघराची चौकट

धाकट्या,

न्हाणीघराचं दार चौकटीसकट उखडून ठेवलंय. तोवर पडदा लावलाय, भागवून घे. चहा थर्मासमध्ये, खालच्या फळीवर आहे.

काल चौकटीवर रक्ताचे डाग दिसले, मग तुझी सोललेली बोटं. महिनाभर सोसलंस आणि वर "झकास घर केलंस, दादा" म्हणत राहिलास. गाढवा, एका शब्दाने बोलायचंस तरी! इकडे मी मोठा सुतार म्हणून मिशीला पीळ देत फिरतोय.

चूक माझीच. फौजी इस्पितळात येऊन मी तुझी रिकामी चाकांची खुर्ची मोजली आणि त्या मापाने चौकट ठोकली. चाकं ढकलणारे हात मापात धरलेच नाहीत. तुला बसवून माप घ्यायला हवं होतं. पण पाय गेलेला तू, माझा धीर झाला नाही. नर्सला म्हटलं, झोपलाय, उठवू नका.

तू जागा होतास. मला दिसलं होतं.

लाकूड आणायला गेलोय. दुपारी येतो, तेव्हा चाकांवर हात ठेवून दारात बस. टेप घेऊन मी समोर बसतो.

दादा