दुसऱ्या पसंतीचं मत

३ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. पुढे आत्मचरित्र लिहिताना तारखा शोधत बसायला नको.
राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण घरात त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. काल जेवताना बाबांनी फर्मान काढलं. महिनाअखेरीपर्यंत कुठेतरी चिकट, नाहीतर एक तारखेपासून भाऊजींच्या टाइल्सच्या दुकानात. अपिलाची तरतूद नाही. ताई फोनवर म्हणाली, अरे, दुकानात पंखा आहे.
मी घाबरलेलो नाही. रात्री दोनदा उठून कॅलेंडर बघितलं, ते वेगळं.

५ फेब्रुवारी
कॉलेजात करिअर मार्गदर्शन. प्लेसमेंटच्या मॅडमनी यादी वाटली: स्पर्धा परीक्षा, कायदा, पत्रकारिता, स्वयंसेवी संस्था, निवडणूक सर्वेक्षण, धोरण संशोधन, प्राध्यापकी. आवडीच्या एका क्षेत्रावर टिक करायची होती. मी सातांवरही टिक केली. उगाच कुणाला नाराज कशाला करा.
मॅडमनी बायोडेटाही पाहिला. ‘नेतृत्वाचा अनुभव’ या रकान्यात मी ‘इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन’ असं लिहिलंय. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचलं. छाप पडली असावी.

९ फेब्रुवारी
सर्वेक्षण कंपनीत एक दिवसाची चाचणी. दारोदार जाऊन बारा प्रश्न विचारायचे, उत्तरं जशीच्या तशी लिहायची. पहिल्याच घरातल्या आजोबांनी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलं. आता चूक ती चूक. नीट समजावून सांगितलं. पावणेदोन तास लागले, पण शेवटी आजोबांनी मत बदललं.
सुपरवायझर म्हणाला, उद्या येऊ नका.
क्षेत्रच उथळ आहे. सहा उरली.

१२ फेब्रुवारी, दुपारी
सोन्याचा दिवस! विधिमंडळाच्या संशोधन कक्षात सहा महिन्यांची इंटर्नशिप. आमच्या विभागातून एकच जण घेणार, विभागप्रमुखांच्या शिफारसपत्रावर. हे मिळालं की बाबांचं तोंड बंद आणि टाइल्स गेल्या खड्ड्यात.
अर्ज मात्र नऊ. त्यात तोंडपाठ आहे, ज्याला पुस्तकाचे पान क्रमांकसुद्धा येतात. लंबू आहे, माझा जिवलग मित्र. त्याला काही नको होतं, मीच उभा केला, वेळ पडली तर माझ्या बाजूने एक हक्काचा माणूस असावा म्हणून. आणि मौनी. तीन वर्षं खिडकीपाशी बसते, हजेरीपुरतं बोलते. तिने का अर्ज केला देव जाणे.
मागच्या वर्षी सरांनी निवड केली तेव्हा दोन पालक भांडायला आले होते. म्हणून या वेळी सर म्हणाले, राजकारणाचे विद्यार्थी आहात, तुमचं तुम्ही ठरवा.
म्हणजे मतदान आलं! नियम लिहायला मी हात वर केला. कुणी विरोध केला नाही. घोडं गंगेत न्हालं समजायचं.

१४ फेब्रुवारी
नियम तयार. चार पानं. फक्त उमेदवार मतदान करणार. प्रत्येकाने दोन नावं लिहायची, पहिल्या पसंतीला दोन गुण, दुसऱ्या पसंतीला एक. चिठ्ठी गुप्त, पण नियमांखाली सगळ्यांनी सही करायची, म्हणजे पुढे कुणी रडायला नको.
यातली गोम फक्त मला कळलीय. पहिलं मत जो तो स्वतःलाच देणार. म्हणजे खरा खेळ दुसऱ्या मतात. ते तगड्या माणसाला दिलं तर आपणच मरतो. दुसरं मत नेहमी निरुपद्रवी माणसाला द्यायचं. मी मौनीला देणार. बिचारीला तेवढाच एक गुण.
माझं गणित: माझे दोन, लंबूचे दोन, आणि बाकीच्यांची दुसरी मतं, कारण नियमांसाठी एवढी मेहनत कुणी घेतली? आईला सांगून टाकलं, झालंच समज. आईने इस्त्रीला शर्ट काढला.

१७ फेब्रुवारी, दुपारी दीड
मतमोजणी झाली. सरांनीच केली, फळ्यावर.
मौनी: दहा.
मी: तीन.
बाकी सातही जण: प्रत्येकी दोन.
नऊ जणांत मी दुसरा आलो, हे नोंदवून ठेवतो.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी
आठच्या आठ जणांनी दुसरं मत मौनीला दिलं. गोम सगळ्यांनाच कळली होती. तोंडपाठलासुद्धा!
निकाल रद्द करा म्हणून सरांकडे गेलो. त्यांनी माझीच चार पानं पुढे सरकवली आणि कलम नऊ वाचायला लावलं. निकाल अंतिम राहील. अक्षर माझंच होतं.
लंबूला गाठलं. म्हटलं, पहिलं मत मला ठरलं होतं ना. तर म्हणतो, तूच सांगत होतास सगळे तुलाच देणार, मग म्हटलं माझं कशाला वाया घालवू. स्वतःला दिलं, शून्य पडलं असतं तर घरी काय सांगितलं असतं.
त्याच्याशी बोलणं बंद. त्याने चहा पाजला, तो प्यायलो, पण बोललो नाही.

२३ फेब्रुवारी
कायद्याच्या प्रवेशाची मुदत संपली. मी टिक केली त्याच दिवशी संपली होती. वर्तमानपत्राच्या ऑफिसात गेलो, तिथल्या बाईंनी दोनशे शब्दांची बातमी लिहायला सांगितली. मी सोळाशे लिहिले. बातमी अजून सुरू व्हायची होती. स्वयंसेवी संस्थेचं उत्तर आलं: कळवू. कळवू म्हणजे नाही, हे आता मलाही कळतं.
पाच दिवस उरले. झोप येत नाही. बाबा काही विचारत नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते. इस्त्रीचा शर्ट अजून खुर्चीवर आहे.

२८ फेब्रुवारी
एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. माझे तीन गुण. दोन माझेच. तिसरा?
शेवटी हिशेब लागला. आठ जणांची दुसरी मतं मौनीला, म्हणजे उरली एकटी मौनी. तिने दुसरं मत मला दिलं! तीन वर्षांत कुणीतरी माझी लायकी ओळखली. खरं सांगतो, डोळे भरून आले. म्हटलं, तिकडे एखादी जागा वाढली तर ही माझं नाव नक्की सुचवेल.
लायब्ररीत तिला गाठलं. आभार मानले आणि विचारलं, मलाच का?
तिने पुस्तक मिटलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच सलग दोन वाक्यं बोलली. म्हणाली, दुसरं मत ज्याच्यापासून धोका नाही त्याला द्यायचं असतं ना. मी सगळ्यांची नावं लिहून बघितली, तूच सापडलास.
आवाजात कुचकेपणा अजिबात नव्हता. असता तर बरं झालं असतं.

१ मार्च
टाइल्स. पंखा आहे, पण काउंटरकडे फिरत नाही. आईने इस्त्रीचा शर्ट घालायला लावला, दहा मिनिटांत पांढरी धूळ.
दुपारी भाऊजींनी मला, ड्रायव्हरला आणि हमालमामांना बोलावलं. सकाळी साडेसातला येऊन शटर कुणी उघडायचं, ते तिघांत ठरवा म्हणाले. हमालमामा म्हणाले, हे शिकलेले आहेत, हेच सांगतील कसं ठरवायचं. दोघं माझ्याकडे बघत राहिले.
मी म्हटलं, मीच उघडतो.