लिदियाच्या घरची भेट

शुक्रवार, ८ मार्च

एकोणीस मुली आल्या. बावीस हव्यात.

माझ्या हाताखालच्या नव्या सेविकेनं, शेरीनं, आज माझ्या परवानगीशिवाय बाकं भिंतीला लावली आणि मुलींना जमिनीवर गोल बसवलं! "तासोनी, असं एकमेकींकडे बघून बोलता येतं." शाळेत माझ्याच गणिताच्या तासाला समीकरणं सोडवताना रडायची ही पोर. तोंडानं 'तासोनी', म्हणजे ताई, म्हणायचं आणि आता मलाच शिकवायचं! अकरा वर्षं मी चर्चचा हा शुक्रवारचा वर्ग चालवते. सगळ्या मिन्या शहरात एवढी शिस्त दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये असेल तर दाखवावी.

लिदिया सलग दुसऱ्या शुक्रवारी नाही.

रविवार, १० मार्च

चर्चचे वर्ग घेणाऱ्या सेवकांची बैठक. आमचे पाद्री अबूना बिसाद यांनी फळ्यावर तीन रकाने आखले. काही जण हुकूम सोडून मुलांना चालवतात, काही विचारून, काही नुसतेच सोडून देतात. "तुम्ही कोण, ते चिठ्ठीवर लिहून द्या. नाव नको."

मी लिहिलं – शिस्तीची. शेरीनं चिठ्ठी कोरीच दिली आणि वर मोठ्यानं म्हणाली, "अजून कळलं नाही, अबूना." अबूना हसले! मी असं केलं असतं तर?

बुधवार, १३ मार्च

आज लिदियाकडे इफ्तिकादला जायचं होतं. दोन शुक्रवार चुकले की घरी जाऊन चौकशी करायची आणि वहीत नोंद करायची – हा नियम माझाच. तिचं घर स्टेशनपलीकडे, पाचव्या मजल्यावर. लिफ्ट नाही. शाळेत सहा तास शिकवून पाय सुजले होते, ईस्टरआधीचा उपवास म्हणून पोटात नुसता पाव आणि तिळाची ताहिनी.

वहीत लिहिलं – "लिदिया. भेट झाली. घरी सर्व कुशल."

एखाद्या वेळी चालतं. शुक्रवारी आली की विचारणारच आहे.

शुक्रवार, २२ मार्च

लिदिया आली. तीन शुक्रवार बुडवून, तेही उशिरा. मी तिला पुढे बोलावून उभं केलं. कालच मातृदिन झाला, तेच तोंडात आलं – "आई पाठवत नाही, की आईचं ऐकत नाहीस? काल आईला काय भेट दिलीस, दिवसभर लोळणं?"

मुली हसल्या. ती रडली नाही, माझ्याकडे बघितलं, पिशवी उचलली आणि गेली. शेरी तिच्यामागे धावली. मी पुढचं वचन वाचायला लावलं.

शनिवार, २३ मार्च

शेरी दुपारी घरी आली. बसलीसुद्धा नाही.

लिदियाची आई महिनाभर कैरोला आहे. छातीचं ऑपरेशन. कुणाला कळू द्यायचं नाही, असं आजीनं बजावलंय. लिदिया दोन धाकट्या भावांचं करते, स्वयंपाक, कपडे, सगळं. पंधरा वर्षांची पोर!

"मी विचारलं, चर्चमधून कुणी आलं होतं का? म्हणाली, 'शेरी तासोनी, तुम्हीच पहिल्या.'"

तिनं वहीतली ती नोंद वाचली होती.

"वहीचं मी कुणाला बोलणार नाही, तासोनी."

बोल की! चार शब्द सुनव! ती हळूच दार ओढून गेली. मला स्वतःचं तोंड बघवत नाही.

रविवार, २४ मार्च

बैठकीत अबूनांनी माझी वही हातात धरून सगळ्यांना दाखवली. "हे बघा. एकही घर सुटलेलं नाही. तासोनी ओदेत हुकूम सोडतात म्हणून तुम्ही कुजबुजता ना? पण पाचवा मजलाही चढतात!"

टाळ्या!

आणि मी काय म्हणाले? "कर्तव्यच आहे, अबूना." म्हणाले मी असं! कुणी विचारलंही नव्हतं. शेरी आपल्या बुटांकडे बघत होती.

मंगळवार, २६ मार्च

मसुराची आमटी करून डब्यात घेतली आणि निघाले. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले. वर भांडी वाजत होती आणि लिदिया भावाला दटावत होती – "हात धुतल्याशिवाय बसायचं नाही!" अगदी माझाच आवाज. माझ्याच वर्गात शिकलीय.

परत फिरले. खाली वाण्यानं विचारलं, "कुणाकडे जायचंय, मॅडम?" म्हटलं, "इमारत चुकले." आणखी एक खोटं.

शनिवार, ३० मार्च

काल वर्ग शेरीला घ्यायला सांगितला. मी मागे बसले. तिनं विचारलं, "ईस्टरला काय करूया?" आणि गप्प बसली. कुणीच बोलेना. मी मनात आकडे मोजत होते. अडतीसपर्यंत आले तेव्हा एक मुलगी बोलली, मग सगळ्याच. मी अकरा वर्षांत कधी दहासुद्धा मोजले नाहीत.

लिदिया आली नाही.

रविवार, ३१ मार्च

अबूनांना सांगायचंच. काढून टाकतील. टाकू देत. मग रविवारी चर्चमध्ये कुठे बसायचं? आईला काय सांगायचं? – बघ, अजूनही माझीच काळजी!

सोमवार, १ एप्रिल

पापकबुलीला बसले आणि सगळं सांगितलं. मी गेलेच नव्हते, अबूना. नोंद खोटी आहे.

अबूना म्हणाले, "परवा आजीनं बोलावलं म्हणून मी लिदियाच्या घरी गेलो होतो, आईसाठी प्रार्थना करायला. लिदियाला विचारलं, तासोनी ओदेत आल्या होत्या ना? 'हो' म्हणाली. 'भावांना जेवू घातलं, माझी वेणी घातली, आणि बराच वेळ बसल्या होत्या.'"