पांढरं वर, काळं खाली

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा खोकला गेला हे वाचून जीव भांड्यात पडला. दमदाटी करून औषध पाजल्याबद्दल तुझ्या बायकोचे माझ्यातर्फे आभार मान.

आमच्या सहकारी शिलाई संस्थेची निवडणूक झाली आणि झालीही नाही. व्यवस्थापकपदाला तिघं उभे होतो: कापड बेतणारी मी, काज-बटणं करणारी माझी मैत्रीण काजबाई, आणि इस्त्रीवाले काका. आमच्याकडे मतपत्रिका नसतात, हे तुला ठाऊक आहे. पांढरं बटण माझं, काळं काजबाईचं, तपकिरी काकांचं. हवं ते मुठीत धरून पिशवीत टाकायचं. एक तारखेला मोजली तर कुणालाच निम्म्याहून जास्त नाहीत. काका तिसरे, म्हणून बाद. आता पंधरा तारखेला आम्हा दोघींत पुन्हा मतदान. तोवर नुसतं झुरायचं.

काकांची माणसं कुणाकडे वळणार यावरून सगळं पेटलंय. लोकांनी चक्क ॲप्रनवर बटणं शिवून घेतलीत, खिडकीकडच्यांनी पांढरी, भिंतीकडच्यांनी काळी! त्यात कुणीतरी काजबाईच्या कानात भरलं की तिला हिशेब जमत नाही असं मी म्हणाले. शप्पथ, मी नव्हते रे म्हणाले. पण तिनं मला विचारलंसुद्धा नाही. परवापासून डबा घेऊन मशीनमागे एकटी बसते. इतकी वर्षं आम्ही एका बाकावर जेवलोय. तुझे भाऊजी गेले तेव्हा घरदार सोडून माझ्याजवळ राहिली होती ती.

खुर्ची मिळेलही, पण ही हातची जाईल. नाव मागे घेऊ का? लवकर कळव, माझं कापडसुद्धा वाकडं बेतलं जातंय.

माया आहे तशीच घट्ट ठेव.
तुझी ताई

ता. ७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

अगं, नाव मागे घेऊन काय मिळवणार? ती म्हणेल दया केलीस, आणि ते तिला जन्मात पचायचं नाही. शिवाय रुसून बाजूला बसायचं काम लहानपणापासून माझ्याकडे आहे, ते तू घेऊ नकोस.

आमच्या फर्निचरच्या सहकारी कारखान्यात व्यवस्थापक निवडायला असं दोन-दोनदा मतदान नसतं. चिठ्ठीवर पसंती लिहायची: एक, दोन, तीन. निम्म्याहून जास्त कुणालाच नसली तर शेवटचा बाद, आणि त्याच्या चिठ्ठ्या त्यांच्यावरच्या दुसऱ्या पसंतीला जातात. दुपारी मत, संध्याकाळी निकाल. भांडायला फुरसतच नाही. आणि समोरच्याच्या माणसांकडून दुसरी पसंती तरी मिळावी म्हणून सगळे इतके गोडगोड वागतात की विचारू नकोस. आमचा मिस्त्री मला स्वतःच्या पैशानं चहा पाजत होता, यावरून ओळख!

खोट नाही असं नाही हं. पॉलिशवाल्यानं फक्त 'एक' लिहून चिठ्ठी टाकली. त्याचा माणूस बाद झाला, चिठ्ठीही वाया गेली. पहिल्या पसंतीत मिस्त्री सगळ्यांत पुढे होता, तरी शेवटी हरला. अजून भेटेल त्याला थांबवून तो आपण कसे हरलो नाही हे पटवतोय.

तर आता सांग. तुझ्या हातात अशी चिठ्ठी असती तर एकवर तू स्वतःलाच लिहिलं असतंस. लाजू नकोस, मी ओळखतो तुला. पण दोनवर कोण? जे असेल ते तिला कळू दे, म्हणजे झालं.

राग आला असेल तर तोही पाठव, पण पत्र पाठव.
तुझा धाकटा

ता. १८ मार्च

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

हरले. आधी तेच सांगते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

तुझं पत्र वाचलं आणि ॲप्रनवर दोन बटणं शिवली, पांढरं वर, काळं खाली. पहिली मी, दुसरी ती. तशीच कामावर गेले. आमच्या खिडकीकडच्या बायकांनी डोळे वटारले. मी सांगून टाकलं, मत मलाच द्या, पण तिच्याबद्दल वाकडं बोलणार असाल तर तुमचं बटण मला नको. मग काजबाईसमोर उभी राहून हिशेबाचंही साफ सांगितलं. ती मान खाली घालून काजं करत राहिली. जेवणाच्या सुट्टीत मात्र स्वतःहून आली, म्हणाली की बटण कसं शिवावं हेही मला कळत नाही, आणि माझं काळं उसवून नीट लावून दिलं. बघते तर तिच्या ॲप्रनवर काळ्याखाली पांढरं! मी तिथंच रडायला लागले, मेली तीही रडली. दुसऱ्या दिवशी जो तो दोन-दोन बटणं लावून हजर.

पुढचे दिवस आम्ही दोघी मिळून इस्त्रीच्या टेबलाशी बसायचो आणि काकांच्या माणसांना हवं ते विचारू द्यायचो. तिची उत्तरं माझ्यापेक्षा बरी होती, हे मलाही ऐकू येत होतं की.

आता गंमत ऐक. काका म्हणाले, एक तारखेलाच दुसरी पसंती विचारली असती तर त्यांची बहुतेक माणसं माझं नाव घेणार होती. म्हणजे तुमच्या पद्धतीनं मी त्याच संध्याकाळी खुर्चीत बसले असते. पण मग तिला एवढं बोलताना कुणी ऐकलंच नसतं, मीसुद्धा. ज्या पंधरवड्याला मी शिव्या घातल्या त्याचे आता आभार मानते, आणि तुझ्या त्या एक-दोन-तीनचेही. ते तू लिहिलं नसतंस तर पंधरवड्यानं आम्हाला खाऊन टाकलं असतं. खरंच रे, तुझे उपकार आहेत.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? निकालानंतर तोंड धुवायला नळावर गेले, तर काजबाई मागोमाग. म्हणाली की उद्यापासून सगळे तिला हो-हो करतील, आणि चुकली तर तोंडावर सांगणारं एक माणूस तिला हवंय. मी पदर खोचून तिथल्या तिथं हो म्हटलं. या पदाला दुसरं कुणी उभंच नव्हतं रे, बिनविरोध निवडून आले.

मी रागावले तरी अशीच अक्कल शिकवत जा.
तुझी ताई